आपलें रक्त

लिहितांना स्वतःस ‘आम्ही’ म्हणण्याची खोड आम्हांस फार जुनी आहे. वर्गांतील मुलें तिला हसतात, घरांतील माणसें तिच्याकडे दुर्लक्ष करतात, आणि आम्ही स्वतः तिला एक निरुपद्रवी लेखनरूढि समजून चालत आलों. एका देहांत एकच मनुष्य राहतो, एवढें तरी निश्चित आहे असें आम्हांस वाटे. परंतु 2023 सालच्या पावसाळ्यांत आमच्या देहांतील एका पक्षानें दुसर्‍या पक्षावर शस्त्र उपसलें, आणि तेव्हांपासून हें अनेकवचन आम्ही जरा जपूनच वापरतों.

आरंभ अगदीं क्षुल्लक होता. पर्वतीच्या पायर्‍या आम्ही गेलीं वीस वर्षें आठवड्यांतून दोनदां चढत आलों आहों. त्या दिवशीं निम्म्या वाटेवर बसावें लागलें. पुढील खेपेस त्याच्याही अलीकडे बसलों. “वय झालें” हें उत्तर पन्नाशी उलटलेल्या मनुष्याच्या नेहमींच हाताशीं असतें. आम्हींही तें वापरलें. घरांत मात्र दुसरें निदान झालें. आमचा चेहरा पाहून गृहिणीनें “अंगात रक्तच राहिलेलं नाही तुमच्या” असें जाहीर केलें, आणि खजूर, बीट, लोखंडी कढईंतली पालेभाजी व औषधांच्या दुकानांतून आणलेली लोहाची बाटली यांचा मारा आमच्यावर सुरू झाला. हें निदान हास्यास्पद होतें असें कोणी समजूं नये. आपल्या देशांत दहा फिक्या चेहर्‍यांपैकीं बहुतेकांचें कारण लोहाची उणीव हेंच निघतें. चुकलें तें इतकेंच कीं, आम्ही त्या बहुतेकांपैकीं नव्हतों.

पुढें डोळे पिवळे दिसूं लागले व लघवीचा रंग कोर्‍या चहासारखा झाला. तेव्हां आमच्या वयोवृद्ध मावशींनीं सूत्रें हातीं घेतलीं. ही कावीळ आहे आणि तिच्यावर माळेसारखा उपाय नाहीं, असें त्यांचें मत. ज्यांनीं ती माळ पाहिली नसेल त्यांच्यासाठीं सांगतों: वनस्पतीच्या बारीक काड्यांची ती डोक्यावर ठेवितात, ती दिवसेंदिवस सैल होऊन खालीं उतरते, आणि तिच्याबरोबर कावीळही उतरते असा समज आहे. इंग्रजी वाङ्मयाची पदवी भिंतीवर टांगलेली असतांना तिच्याच खालीं आम्ही ती माळ डोक्यावर घेऊन तीन दिवस बसलों. माळ ठरल्याप्रमाणें उतरली. आम्ही मात्र चौथ्या दिवशीं न्हाणीघराच्या दारांत कोसळलों.

रक्ताच्या तपासणींत हिमोग्लोबिन 5.6 निघालें. पुरुषांत तें 13 च्या वर असावयास हवें. रुग्णालयांत ज्या रक्तविकारतज्ज्ञ बाईंच्या हवालीं आम्हांस करण्यांत आलें, त्या वयानें आमच्या विद्यार्थिनी शोभल्या असत्या. त्यांनीं खाटेजवळ उभें राहून जें सांगितलें तें आम्हांस अद्याप शब्दशः आठवतें: “सर, तुमच्या अंगात रक्त तयार होत नाही असं नाहीये. ते झपाट्यानं तयार होतंय. पण त्याहून झपाट्यानं मोडतंय.”

तांबड्या रक्तपेशीचें आयुष्य सुमारें 120 दिवसांचें. म्हातारी झालेली पेशी भक्षक पेशी गिळून टाकतात व अस्थिमज्जा तिच्या जागीं नवी धाडते. निकड पडल्यास ही मज्जा नेहमींच्या सहा ते आठ पट काम करूं शकते. आमच्या रक्तांत कोवळ्या, नुकत्याच घडलेल्या पेशींचें प्रमाण शेंकडा 18 होतें. निरोगी माणसांत तें एक-दोनाच्या आसपास असतें. म्हणजे गिरणी रात्रंदिवस चालू होती, आणि माल वाटेंत लुटला जात होता. मोडलेल्या पेशींतील हिमोग्लोबिनाचें पिवळें द्रव्य होतें आणि यकृताला तें आवरेनासें झालें म्हणजे डोळे पिवळे पडतात. मावशींची कावीळ तेव्हां खोटी नव्हती. तिचा उगम तेवढा यकृतांत नव्हता. चरकसंहितेंत पांडुरोग आणि कामला यांचा विचार एकाच अध्यायांत केलेला आहे, हें आम्हांस मागाहून एका वैद्य मित्रानें दाखविलें. प्राचीनांना सारें ठाऊक होतें असा दावा आम्ही त्यावरून करणार नाहीं. पण फिकेपणा आणि पिवळेपणा एकत्र नांदतात हें त्यांनीं डोळे उघडे ठेवून पाहिलें होतें खास. लोहाच्या बाटलीविषयीं मात्र वाईट वाटलें. आमच्या प्रकारांत मोडलेल्या पेशींतलें बहुतेक लोह देहांतच राहतें, त्यामुळें आम्ही दोन महिने भरलेल्या कोठारांत पोतीं रचीत होतों. नवी पेशी घडवितांना जें भराभर संपतें तें फॉलिक ॲसिड, आणि त्याची चिमुकली पिवळी गोळी घरांत कोणास सुचलीच नव्हती.

आतां लूट करणारा कोण? येथें एक जुनी हकीकत सांगावीशी वाटते. विसाव्या शतकाच्या आरंभीं पॉल एर्लिख या जर्मन पंडितानें असें प्रतिपादन केलें कीं, देह परक्यावर हत्यार चालवील, स्वतःवर चालविणार नाहीं. निसर्गालाच त्या गोष्टीची दहशत आहे. सिद्धांत इतका सुंदर होता कीं, त्याच्या विरुद्ध पुरावा समोर आला तरी तो लोकांच्या डोळ्यांत भरेना. 1904 सालींच व्हिएन्नांत डोनाथ आणि लांडस्टायनर यांनीं थंडीनंतर तांबडी लघवी होणार्‍या रुग्णांच्या रक्तांत स्वतःच्याच पेशी फोडणारें द्रव्य दाखवून दिलें होतें. तरीही आपल्याच रक्ताचा वैरी आपल्याच रक्तांत असूं शकतो, ही गोष्ट पचनीं पडावयास पुढें चार दशकें लागलीं. साहित्याच्या क्षेत्रांतही सुंदर सिद्धांताचें असेंच होतें. पण तो विषय येथें नको.

तो वैरी उघड्यावर आणला एका सशानें. 1945 सालीं केंब्रिजच्या रॉबिन कूम्ब्स यांनीं मौरंट व रेस या सहकार्‍यांसह एक युक्ति प्रसिद्ध केली. मनुष्याचीं प्रतिपिंडें सशाला टोंचावींत, म्हणजे ससा त्या प्रतिपिंडांविरुद्ध प्रतिपिंडें तयार करतो. रुग्णाच्या धुतलेल्या तांबड्या पेशींवर सशाचा तो रस घालावा. पेशींना प्रतिपिंडें चिकटलेलीं असतील तर त्या एकमेकींस धरून गोळा होतात. नसतील तर सुट्या राहतात. वर्षभरांतच ही परीक्षा आमच्यासारख्या रोग्यांवर करण्यांत आली. आईबापांकडून आलेल्या दुखण्यांत पेशी सुट्या राहिल्या आणि मागाहून जडलेल्या दुखण्यांत गोळा झाल्या, आणि दोहोंमधील सीमा प्रथमच काचेच्या नळींत दिसूं लागली. आमच्या अहवालावर त्या परीक्षेपुढें चार अधिकचिन्हें होतीं. परीक्षेंत अधिक गुण मिळाल्याचें आम्हांस दुःख झालें असा हा एकच प्रसंग.

चिरंजीव बंगलोरहून रातोरात आले आणि बाही वर करून उभे राहिले. “बाबांना माझंच रक्त द्या,” असा त्यांचा हट्ट. रक्तपेढीतल्या गृहस्थांनीं त्यांना शांतपणें समजावलें कीं, प्रश्न रक्त देणार्‍याचा नाहींच. आमच्या अंगांतील प्रतिपिंड कोणाच्याही तांबड्या पेशीवर बसतें. त्यामुळें कोणाचेंही रक्त जुळवून पाहिलें तरी तें न जुळणारेंच दिसतें. मुंबईच्या डॉ. भेंडे व त्यांच्या सहकार्‍यांनीं 1952 सालीं असा एक दुर्मिळ रक्तगट जगापुढें मांडला कीं, तो असणारांस नेहमींच्या कोणत्याही गटाचें रक्त चालत नाहीं. त्या गटास आजही जगभर मुंबईचेंच नांव आहे. पण त्यांना निदान एकमेकांचें तरी चालतें. आम्हांस आमचें स्वतःचेंही चालत नव्हतें! शेवटीं, बाकीचीं प्रतिपिंडें वगळून, त्यांतल्या त्यांत कमी विरोध करणारी एक पिशवी निवडण्यांत आली व अगदीं सावकाश, थेंबाथेंबानें, देण्यांत आली. एवढ्या खालावलेल्या स्थितींत न जुळण्याच्या भीतीनें रक्त अडवून धरणें हेंच अधिक घातक, असें डॉक्टरबाईंचें म्हणणें पडलें. पिशवी कोणाची होती हें आम्हांस ठाऊक नाहीं. ‘रक्ताचें नातें’ हा शब्दप्रयोग आम्हीं निबंधांतून अनेकदां केला आहे. त्या रात्रीं आमचें रक्ताचें नातें त्या अनोळखी माणसाशीं होतें.

शेजारच्या खाटेवरील गृहस्थांचें दुखणें आमच्याच कुळांतलें, पण उलट्या स्वभावाचें. त्यांचें प्रतिपिंड थंडींत जागें होई. ऑगस्टच्या दमट हवेंतही ते हातमोजे घालून बसत, आणि पंखा बंद करण्यावरून त्यांचा वॉर्डाशीं रोज तंटा होई. त्यांना स्टेरॉइडचा फारसा उपयोग नाहीं आणि प्लीहा काढूनही लाभ नाहीं, कारण त्यांच्या पेशींची मोडतोड मुख्यतः यकृतांत होते. त्या प्रकारावर एक नवें औषध 2022 सालीं अमेरिकेंत मान्य झालें आहे. पंखा आम्हीं बंदच ठेवूं दिला.

आमच्या प्रकारावर पहिलें औषध म्हणजे प्रेडनिसोलोन, शरीराच्या दर किलोमागें रोज सुमारें एक मिलिग्राम. आमच्या वांट्यास 60 आलें. 1949 सालीं अमेरिकेंत संधिवाताच्या रुग्णांवर कॉर्टिसोनचा चमत्कार दिसला, त्याच कुळांतलें हें औषध. तें वैर्‍याला मारीत नाहीं. भक्षक पेशींचे हात धरतें, आणि हळूहळू प्रतिपिंडांचें उत्पादनही कमी करतें. दहांतल्या सातआठ रुग्णांना पहिल्या दोनतीन आठवड्यांत गुण येतो. आम्हांसही आला. तिसर्‍या आठवड्यांत 10.2 हा आंकडा पाहून घरांत शिरा झाला. खरी कसोटी यापुढेंच असते, हें डॉक्टरबाईंनीं बजावलें होतें. औषध कित्येक महिने पायरीपायरीनें उतरवावें लागतें, आणि तें पूर्ण सुटल्यावरही ज्यांचें दुखणें दूर राहतें असे रुग्ण निम्म्याहून बरेच कमी.

येथें आमच्याकडून जें घडलें तें लिहावयास संकोच वाटतो. पण तें वगळून हा लेख लिहिणें अप्रामाणिकपणाचें होईल. औषधानें झोंप गेली, साखर वाढली, आणि चेहरा पौर्णिमेच्या चंद्रासारखा वाटोळा झाला. कवींनीं ती उपमा इतक्या उदारपणें कां वाटली असेल कोण जाणे! जानेवारींत महाविद्यालयाचें स्नेहसंमेलन होतें. एका जुन्या विद्यार्थ्यानें आम्हांस ओळखलेंच नाहीं. दुसर्‍यानें “सर, तब्येत छान झाली” असें म्हटलें. त्या रात्रीं आम्हीं 20 वरून एकदम 5 वर उडी मारली आणि पुढल्या आठवड्यांत गोळीच सोडली. अशानें रक्ताचें जें व्हावयाचें तें होतेंच. शिवाय महिनोन्महिने बाहेरून रस मिळाल्यानें निजलेल्या ग्रंथि ऐन वेळीं जाग्या न झाल्यास प्राणाशीं गांठ पडते, हें आम्हांस माहीत होतें. छापील सूचनापत्रक आम्हीं दोनदां वाचलें होतें, एका मुद्रणदोषाखालीं रेघही मारली होती.

फेब्रुवारींत आंकडा 7.1 वर आला. “गोळ्या वेळेवर चालू आहेत ना, सर?” असा प्रश्न आला. आम्ही “हो” म्हणालों. तीस वर्षें विद्यार्थ्यांच्या सबबी ऐकणार्‍या माणसास हें एकाक्षरी असत्य किती सोपें गेलें याचें आजही आश्चर्य वाटतें. डॉक्टरबाई लिहूं लागल्या: स्टेरॉइड चालू असतांना रोग उलटला, सबब पुढील उपाय. तोंच गृहिणी म्हणाली, “अहो, खरं काय ते सांगा ना त्यांना. पाकिटात गोळ्या उरल्यात, मी मोजल्यात.” लेखणी थांबली. डॉक्टरबाई रागावल्या नाहींत. लिहिलेलें खोडून त्या इतकेंच म्हणाल्या, “सर, तुमच्या ‘हो’वर मी पुढचं औषध ठरवत होते.”

पुन्हां 60 पासून आरंभ झाला. ह्या खेपेस आम्हीं प्रत्येक गोळी दिनदर्शिकेवर खूण करून घेतली. जुलैंत मात्रा 15 वर येतांच हिमोग्लोबिन घसरून 8 झालें. आतां दोष आमचा नव्हता, याचें एक विचित्र समाधान वाटलें. औषध लागू होतें, पण तें कमी होऊं देत नाहीं, अशी ती अवस्था. आणि तेथून पुढें वाट फुटत होती.

एक वाट जुनी: प्लीहा काढून टाकणें. जुन्या माणसांची ही पानथरी म्हणजे आमच्या पेशींचें वधस्थान. प्रतिपिंड चिकटलेल्या पेशीचें आवरण तेथें थोडथोडें कुरतडलें जातें. ती गोल, ताठर होते आणि पुढल्या फेरींत अडकून मरते. ट्यूरिनच्या मिकेली यांनीं 1911 सालींच अशा रुग्णाची प्लीहा काढली होती. सुमारें दोन तृतीयांश लोकांना गुण येतो, आणि कित्येकांना वर्षानुवर्षें औषध लागत नाहीं. पण रक्तांत शिरणार्‍या कांहीं जंतूंना गाळण्याचें कामही तीच करते. तिच्यावांचून राहणार्‍यानें लशी आधीं टोंचून घ्यावयाच्या, पुढें जन्मभर साध्या तापालाही भ्यावयाचें, आणि रक्ताच्या गांठीची धास्ती वेगळीच.

दुसरी वाट रिटुक्सिमॅबची. 1997 सालीं अमेरिकेंत हें औषध लसिका ग्रंथींच्या कर्करोगासाठीं मान्य झालें. 2007 सालापासून हैदराबादेस तयार होणारें त्याचें रूप आपल्याकडे मिळूं लागलें, तरी चार मात्रांना आमच्या एका महिन्याचा पगार लागणारच होता. हें स्वतःच एक प्रतिपिंड आहे, कांहीं भाग उंदराचा व बाकीचा मनुष्याचा. प्रतिपिंडें घडविणार्‍या पेशींच्या पूर्वज पेशींना तें नाहींसें करतें. सशानें शोधलेल्या चोराला उंदरानें पकडावें, हा योग आमच्या मावशींना फार आवडला. उंदीर हें कोणाचें वाहन आहे हें त्यांनीं आम्हांस सांगितलेंच. याचाही गुण दहांतल्या सातआठांना येतो, पण पुष्कळांचा रोग कालांतरानें परततो. जुनी ब वर्गाची यकृताची कावीळ अंगांत दडून असल्यास ती उसळते, म्हणून तिची तपासणी आधीं करावी लागते. डेन्मार्कमध्यें 64 रुग्णांवर झालेला एक प्रयोग 2013 सालीं प्रसिद्ध झाला आहे. त्यांत आरंभापासून दोन्हीं औषधें दिलेल्यांपैकीं शेंकडा 75 जणांची वर्षअखेर स्थिति समाधानकारक होती, एकट्या प्रेडनिसोलोनवर शेंकडा 36 जणांची. याशिवाय अझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट वगैरे मंडळी आहेतच. त्यांचा प्रभाव दिसावयास महिने लागतात.

हें सर्व आम्हीं वाचलें, टिपणें काढलीं, आणि दोन रकाने आंखून डॉक्टरबाईंपुढें ठेविले. त्यांनीं कागद काळजीपूर्वक वाचला व म्हटलें, “दोन्ही बरोबर आहेत, सर. मी रिटुक्सिमॅबकडे झुकते. पण तुम्ही प्लीहा काढायचं ठरवलंत तर चूक म्हणणार नाही.” आम्हांस संताप आला. पगार देऊन नेमलेल्या माणसानें निर्णय आमच्यावर टाकावा काय? मग स्मरलें कीं, तीस वर्षें आम्ही वर्गांत कठीण कवितेपाशीं थांबून “दोन्ही अर्थ संभवतात” असें सांगत आलों आहों, आणि मुलांचे चेहरे तेव्हां असेच होत असले पाहिजेत. फरक एवढाच कीं, कवितेचा चुकीचा अर्थ घेऊन कोणी मेल्याचें ऐकिवांत नाहीं.

रात्रीं तो कागद घेऊन आम्ही पुन्हां बसलों. गृहिणी भाजी निवडीत होती. तिनें दोन्ही रकाने ऐकून घेतले, मध्यें एकही प्रश्न विचारला नाहीं, आणि शेवटीं म्हणाली, “अहो, ती प्लीहा काढली आणि नंतर वाटलं की उगाच काढली, तर परत बसवतात का हो?”

आमच्या टिपणांत हा रकाना नव्हता. औषध फसलें तर शस्त्रक्रिया शिल्लक राहते. शस्त्रक्रिया झाली म्हणजे प्लीहा शिल्लक राहत नाहीं. दुसर्‍या दिवशीं हें डॉक्टरबाईंस सांगितलें, तेव्हां त्या हंसून म्हणाल्या, “मीही याच कारणानं झुकत होते.” मग तें त्यांनीं आम्हांस आधींच कां सांगितलें नाहीं, हा प्रश्न आमच्या ओंठांवर आला होता. आमच्या फेब्रुवारींतल्या ‘हो’ची आठवण होऊन आम्हीं तो गिळला.

ऑगस्ट 2024 मध्यें आठवड्याच्या अंतरानें चार मात्रा झाल्या. पहिलीच्या वेळीं थंडी वाजून आली, बाकीच्या तीन वर्तमानपत्र वाचण्यांत गेल्या. डिसेंबरांत प्रेडनिसोलोन पूर्ण सुटलें आणि आरशांतील गृहस्थ पुन्हां ओळखीचे दिसूं लागले. वर्षभर आंकडा तेराच्या आसपास राहिला. प्लीहेसाठीं लागणार्‍या लशी मात्र डॉक्टरबाईंनीं रिटुक्सिमॅबच्या आधींच टोंचून ठेविल्या आहेत, कारण त्या औषधानंतर कित्येक महिने लशी नीट लागत नाहींत. त्यांची नोंद असलेलें पिवळें कार्ड गृहिणीनें विम्याच्या कागदांबरोबर ठेविलें आहे.

गेल्या महिन्याच्या तपासणींत 13.1 चे 11.8 झाले आहेत. कोवळ्या पेशींचें प्रमाणही थोडें वर सरकलें आहे. “एका आंकड्यावरून कांहीं म्हणतां येत नाहीं, दोन आठवड्यांनीं पुन्हां पाहूं,” असा निरोप आहे. परवां आम्ही पर्वतीवर गेलों होतों, आणि निम्म्या वाटेवर थांबलों. दम लागला म्हणून थांबलों, कीं दम लागतो कीं काय हें पाहण्यासाठीं थांबलों, हें आमचें आम्हांसच सांगतां येईना. अहवाल गुरुवारीं यावयाचा आहे.